‘आमचं काय चुकलं होतं?’ : संकटात देवाच्या न्यायावर भरवसा ठेवणं म्हणजे नेमकं काय

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने हातातोंडाशी आलेलं सोयाबीन नेलं, कापूस नेला, आणि नदी-ओढ्याकाठच्या बऱ्याच शिवारांत जमीनच खरडून नेली. पीक गेलं तर एक हंगाम जातो. वीतभर काळी माती गेली तर ती एका माणसाच्या हयातीत परत तयार होत नाही. पाणी ओसरल्यावर तलाठी येतात, पंचनामा होतो. क्षेत्र किती, पीक कोणतं, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का, एवढं त्यात लिहिलं जातं. ‘का’ हा रकाना त्यात नसतो.

तो प्रश्न पारावर, मंदिराच्या ओट्यावर, रात्री अंथरुणावर विचारला जातो. आयुष्यभर वारी केली, कुणाचा रुपया बुडवला नाही, मग आमच्याच वाट्याला हे का? देव न्यायी असेल तर हा कुठला न्याय? आणि लगेच कुणीतरी समजुतीने म्हणतं, ‘प्रारब्ध आहे बाबा, भोगायचंच.’ या वाक्यामागे फार मोठा विचार आहे, आणि तो चुकीच्या जागी वापरला तर फार मोठी जखमही होते. म्हणून तो विचार मुळापासून समजून घेऊ.

पेच कुठे आहे

तीन गोष्टी आपण एकाच वेळी मानतो. देवाच्या सत्तेशिवाय झाडाचं पान हलत नाही. देव न्यायी आहे, दयाळू आहे. आणि निर्दोष माणसाला दुःख होतं, हे डोळ्यांसमोर दिसतं. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी सुखाने एकत्र नांदतात. तिसरी आली की अडतं. सगळं त्याच्या हातात असून तो निर्दोषाला दुःख देत असेल तर तो निष्ठुर ठरतो. निष्ठुर नसेल तर त्याच्या हातात सगळं नाही असं म्हणावं लागतं. दोन्ही नको असेल तर ‘तुम्ही निर्दोष नव्हताच’ असं दुःखी माणसाला सांगण्याचा मोह होतो. सर्वांत जास्त नुकसान या तिसऱ्या वाटेने होतं.

हा पेच आजचा नाही. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताचा गाभा असलेल्या सूत्रग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं ३४ वं सूत्र याच आक्षेपाला उत्तर देतं. आक्षेपाचे शब्दही रोखठोक आहेत: वैषम्य, म्हणजे देव पक्षपात करतो, आणि नैर्घृण्य, म्हणजे देवाला दया नाही. देवावरचा हा आरोप दडपून न टाकता शास्त्रकारांनी तो पुढ्यात घेतला, ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी. असा प्रश्न मनात आला म्हणून कुणी नास्तिक ठरत नाही.

पाऊस एक, पीक वेगळं

त्या सूत्रावर शंकराचार्यांनी दिलेला दाखला आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही. ते म्हणतात, ईश्वराला पावसासारखं समजा. पाऊस सगळ्या शेतांवर सारखा पडतो, पण कुठे भात येतो, कुठे जव येतो. फरक पावसाने केलेला नसतो, तो बियाण्यात असतो. तसं ईश्वर सगळ्यांना सारखाच आधार आहे, आणि प्रत्येकाचं सुखदुःख ज्याच्या त्याच्या कर्माच्या बियाण्यातून उगवतं.

इथे तीन शब्द कळले की पुढचं सोपं जातं. संचित म्हणजे आजवर साठलेलं सगळं कर्म, कणगीत भरून ठेवलेल्या धान्यासारखं. प्रारब्ध म्हणजे त्यातलं काढून, दळून, भाजून आज ताटात पडलेली भाकरी; ती आता परत धान्य होत नाही. क्रियमाण म्हणजे आत्ता हातात असलेलं, पेरायला घेतलेलं बी. बोलताना आपण ‘नशीब’ म्हणून तिन्हींची सरमिसळ करतो आणि तिथेच घोळ होतो. ताटातली भाकरी बदलत नाही म्हणून हातातलं बीही बदलत नाही, असं वाटू लागतं.

आता दुखरी जागा. शंकराचार्यांचा पाऊस जगवणारा आहे. त्या सप्टेंबरात तर पाऊसच नडला, मग हा दाखला काय कामाचा? एक म्हणजे, दाखला सांगतो की देव कुणावर नेम धरून वीज टाकत नाही. जो नियम ढगाला पाणी देतो तोच सगळ्यांना लागू असतो. पण पूर गावातल्या सज्जनाचं आणि सावकाराचं शेत एकदमच नेतो, तेव्हा सगळ्यांचं बी सारखंच होतं असं कसं म्हणायचं? म्हणून परंपरेने दुःखाचे तीन प्रकार मानले. स्वतःच्या शरीर-मनातून येणारं आध्यात्मिक, इतर जीवांपासून होणारं आधिभौतिक, आणि पूर, दुष्काळ, भूकंप अशा निसर्गाच्या शक्तींमुळे येणारं आधिदैविक. प्रार्थनेच्या शेवटी ‘शांतिः’ तीनदा म्हणतात ते या तिघांसाठी, असं सांगितलं जातं. तीन वेगळी नावं ठेवावी लागली, याचा अर्थ सगळं दुःख एकाच चाळणीतून चाळता येत नाही, हे सांगणाऱ्यांनाही कळलं होतं.

हिशोबाची वही आपल्याकडे नाही

कर्माचा नियम मानणं ही एक गोष्ट झाली. एखाद्याचं दुःख बघून त्याचं कर्म ओळखणं ही अगदी वेगळी गोष्ट. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘गहना कर्मणो गतिः’ असं स्पष्ट म्हटलंय: कर्माची चाल खोल आहे, सहज उमगणारी नाही. बँकेत सगळ्यांची खाती असतात हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून शेजाऱ्याच्या खात्यात किती आहेत हे सांगायला आपण बसत नाही. कर्माच्या बाबतीत मात्र माणसं बिनदिक्कत शेजाऱ्याचं पासबुक वाचून दाखवतात.

किल्लारीचं उदाहरण जवळून बघू. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमाराची वेळ. सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. ‘देवाचा कोप झाला’ असं तेव्हाही म्हटलं गेलं. पण माणसं कशाने मेली ते पाहा. घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन हात जाड. भिंतीला आतून एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मधल्या पोकळीत माती-चिपा भरलेल्या. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हता. वर माळवद: लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, वर्षानुवर्षे टाकायची. छताचं वजन वाढत जायचं. जमीन हलली तसे भिंतीचे दोन थर पोट फुटल्यासारखे एकमेकांपासून सुटले आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. कुडाच्या भिंतींच्या, हलक्या छपराच्या झोपडीत राहणारी गरीब माणसं त्या मानाने वाचली.

आता याला ‘पाप्यांना शिक्षा’ म्हणायचं, तर दगडी वाड्यातले पापी आणि कुडाच्या घरातले पुण्यवान असा हिशोब मांडावा लागेल. हे कुणीच म्हणणार नाही. देवाचा न्याय मानणाऱ्यानेही मानावं की या मृत्यूंचं जवळचं कारण भिंतीत आणि माळवदात होतं, आणि ते शोधणं देवाच्या सत्तेवर अविश्वास दाखवणं नव्हे. नंतरच्या पुनर्वसनात भूकंपात टिकतील अशी घरं बांधली, जुन्या घरांना मजबुती कशी द्यायची ते शिकवलं गेलं. प्रारब्ध म्हणून हात जोडून बसलं असतं तर पुन्हा तीच भिंत आणि तेच माळवद उभं राहिलं असतं.

सगळं त्याच्या सत्तेत, तर आपण करायचं काय?

हा आक्षेप हमखास येतो, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याचं अगदी व्यवहारी उत्तर आहे. कुठलंही काम सिद्धीला जायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. सोयाबीनला लावून पाहा. जागा म्हणजे रान. कर्ता म्हणजे तुम्ही. साधनं म्हणजे बी, खत, तिफण. हालचाली म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबून पेरणं. घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सात-आठ दिवसांनी मोजणं, ७० वा जास्त उगवले तरच ते नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे एकरी ३० किलोच्या आसपास वापरणं. पाचवा वाटा दैवाचा.

दैव यादीत आहे, आणि पाचवं आहे. ते शून्य नाही, म्हणून सगळं नीट करूनही पीक जाऊ शकतं आणि त्यात तुमचा दोष नसतो. ते एकटंही नाही, म्हणून उगवण न तपासता पेरलेलं बी सडलं तर त्याला देवाची मर्जी म्हणता येत नाही. ज्यांनी चारही वाटे चोख केले आणि तरी शेत गेलं, त्यांनी रात्री-रात्री स्वतःला कोसू नये. ‘आधीच काढून घ्यायला हवं होतं’ हे पूर येऊन गेल्यावर सुचतं.

शरणागती आणि हार यांतला फरक इथे पकडता येतो. शरण जाणारा माणूस फळाचा ताबा सोडतो, काम सोडत नाही. चार महिने उन्हापावसात उभं राहायचं आणि निकाल आपल्या हातात नाही हे मनात ठेवायचं, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कुठल्या पोथीतून शिकावं लागलेलं नाही. खरीप गेल्यावर वाफसा आला की हरभऱ्याच्या पेरणीचं बघायला निघणारा माणूस जे करतो, त्याला भरवसा म्हणतात.

पाप्याचं भलं होताना दिसतं, त्याचं काय?

दिसतं, आणि ते दिसत नाही असं म्हणू नये. परंपरेचं उत्तर काळाचं आहे. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन अशा आंतरपिकाच्या शेतात दसऱ्याच्या सुमारास उभे राहा. सोयाबीन शंभरेक दिवसांत काढणीला आलेलं असतं. तूर नुसती हिरवी उभी असते, एक शेंग नाही. त्या दिवशी हिशोब मांडला तर तुरीच्या ओळी फुकट गेल्या असंच दिसेल. तिला पाच-सहा महिने लागतात. एका जन्माच्या बांधावर उभं राहून सगळ्या कर्माचा हिशोब मागणं हे दसऱ्याला तुरीचा उतारा मागण्यासारखं आहे, असं जन्मोजन्मीच्या न्यायावर श्रद्धा असणारा सांगतो.

हे उत्तर मला पटतं, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. पुढच्या जन्मात न्याय होईल हे सांगणं आजचा अन्याय चालू ठेवायला वापरता येतं आणि आपल्या समाजात ते शतकानुशतकं वापरलं गेलं. संत चोखामेळा एका अभंगात आपल्या वाट्याला आलेल्या विटाळाला पूर्वीचं फळ मानतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच थेट विचारतो: ‘आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती ॥’ उष्टं खाण्यात जन्म गेला आणि तुला लाजही वाटत नाही, इथपर्यंत तो जातो. बाप आणि लेक, दोघांचे अभंग एकाच परंपरेने जपले. गुन्हा माणसांनी केलेला असेल तर त्याला कर्मफळ म्हणणं हा देवाच्या नावावर दुसरा गुन्हा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्माच्या कर्माची ही मांडणी नाकारली ती याच कारणाने, आणि मराठवाड्यातल्या लाखो बौद्ध बांधवांसाठी हा पुस्तकातला मुद्दा नाही, जगलेला मुद्दा आहे. बुद्धाला एकदा विचारलं होतं की सगळं दुःख पूर्वकर्मानेच येतं का. पाली सूत्रात त्याचं उत्तर आहे: पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, हेळसांड, आघात आणि कर्म अशी आठ कारणं आहेत. सगळंच पूर्वकर्मावर टाकणारे लोक डोळ्यांना दिसतं त्याच्याही पलीकडे जातात, असं त्याने सांगितलं.

देवाला जाब विचारला तर पाप लागतं का?

लागत असतं तर वारकरी परंपराच उभी राहिली नसती. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाला घरच्या माणसासारखं झापतात, त्यांच्या नावे असलेल्या अभंगात त्याला ‘विठ्या’ म्हणून शिव्याही आहेत. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला म्हणते की तो विधाता आई-बापासारखा वागत नाही. मुलाने खेळण्याशी खेळावं तसा माणसांशी खेळतो. युधिष्ठिर तिला उत्तर देतो ते ऐकण्यासारखं आहे: मी धर्म करतो तो फळासाठी नाही, धर्माचा व्यापार करणारा हीन. म्हणजे ‘मी इतक्या वाऱ्या केल्या, मग मला नुकसान का’ हा प्रश्न वाण्याच्या वहीतला आहे, भक्तीतला नाही. मात्र त्याने द्रौपदीला हाकललं नाही, आणि तिचे शब्द महाभारताने वगळलेही नाहीत.

बायबलमधला ईयोब हा असाच तक्रार करणारा. त्याचं सगळं गेल्यावर भेटायला आलेले मित्र ‘तू काहीतरी केलं असशील’ असा हेका धरतात, आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. मुसलमानी परंपरेत सब्र म्हणजे धीर धरायला सांगितलंय; पण उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं, मग भरवसा.

तक्रार करणारा माणूस देवाशी बोलत असतो. रडू गिळून ‘त्याची इच्छा’ म्हणत राहणारा कित्येकदा आतून तुटत जातो. दुःख झालेल्या माणसाला लगेच समाधानी दिसायला लावू नका.

न्याय म्हणजे काय मागायचं

न्याय म्हटलं की शिक्षा आठवते. ज्ञानेश्वरांचा जन्म पैठणजवळच्या आपेगावचा मानतात. संन्याशाची पोरं म्हणून त्या भावंडांना वाळीत टाकलं, आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, आणि शुद्धिपत्रासाठी लेकरांना पैठणला यावं लागलं, अशी परंपरा सांगते. न्यायाच्या नावाखाली इतकं सोसलेल्या माणसाने १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी करताना देवाकडे मागितलं, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. दुष्टाचा नाश मागितला नाही, त्याच्यातला वाकडेपणा गळावा, त्याला सत्कर्माची गोडी लागावी, असं मागितलं. अशा न्यायाचा ज्याला फटका बसला, त्याच्याच तोंडून हे आलंय, म्हणून ते वजनदार आहे. देवाच्या न्यायावर भरवसा ठेवणारा माणूस सूड देवावर सोपवतो, आणि दुरुस्ती मागतो.

दुःखाच्या घरी जाताना

सगळी तत्त्वं इथे कसाला लागतात. सावडायला गेलात, तिसऱ्याला गेलात, की ‘प्रारब्ध’, ‘देवाला आवडला’, ‘यातूनच चांगलं होईल’ ही तीन वाक्यं घरी ठेवून जा. ती खरी असोत वा नसोत. दुसऱ्याच्या दुःखावर तुम्ही लावायची नसतात. प्रारब्ध हा शब्द माणूस स्वतःच्या दुःखाबद्दल स्वतः वापरतो तेव्हा त्याला धीर येतो. तोच दुसऱ्याने वापरला की आरोप होतो. शेजारी बसा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. चूल पेटत नसलेल्या घरी भाकरी-पिठलं पाठवा, आणि भांडी परत मागू नका.

‘तुमच्यावर कोप आहे, अमुक केलं तर उतरेल’ म्हणत पैसे मागणारा दारात आला तर त्याला बसवून घेऊ नका. भीती घालून, चमत्काराचा दावा करून लुबाडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या घरातून नुकतंच प्रेत उचललं गेलंय किंवा शेत वाहून गेलंय, त्या घरात अशी माणसं सगळ्यांत आधी पोचतात.

घरातला कर्ता माणूस बोलेनासा झाला, झोप उडाली, ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलला, तर त्याला एकट्याला शेतात जाऊ देऊ नका; फवारणीची औषधं घरातून हलवा; १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. नामस्मरण आणि डॉक्टर यांत भांडण नाही. हरिपाठ संध्याकाळी म्हणा आणि गोळी वेळेवर द्या.

आणि तेराव्यानंतर पुन्हा जा. पहिल्या पंधरवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. महिन्याने कुणी नसतं, आणि तेव्हाच कृषी केंद्राची उधारी, बँकेची नोटीस, लेकराची फी एकदम समोर येते. बसल्यावर विचारा: पंचनाम्यात नाव आलं का, वारसाची नोंद झाली का, खात्याला आधार जोडलंय का, कुठे किती देणं आहे. कागदपत्रं पिशवीत घ्या आणि तहसीलला त्यांच्यासोबत जा.